माटोळीखाली उताणे

पहिलं चित्र फ्रिजवर लावलं, हे कबूल.
दुसरं, तिसरंही. मग दार उघडलं की
सगळा फ्रिज फडफडायला लागला
आणि सुलक्षा म्हणाली, दूध कुठे आहे ते तरी दिसू दे.

मी वीजखात्यात लाईनमन. तार ताणणं मला कळतं.
सोप्याच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत
एक ताणून दिली, कपड्यांचे चिमटे लावले.
शमिकाचे हत्ती, शमिकाची फोंड्याची बस,
आणि शमिकाचा मी:
खांबावर चढलेला, हात शिडीहून लांब.
आठ दिवस आम्ही असे वाळत राहिलो.

नवव्या दिवशी सावईवेऱ्याची हवा घरात आली.
इथली हवा म्हणजे कुळागरातलं पाणीच,
फक्त पाटातून न जाता
दारातून चालत येणारं.
कागदांना आधी पोक आलं, मग करडी बुरशी.
सूर्याला कसर लागली.
अख्खा नाही खाल्ला तिनं,
कडेकडेनं, चवीनं.

कुणी म्हणालं लवंगा ठेवा, कुणी कापूर.
बिस्किटांच्या डब्यात कडुनिंबाचा पाला घालून
महिनाभर कोंडलं चित्रांना;
बाहेर काढली तेव्हा त्यांना औषधाचा वास.
फोंड्याला जाऊन दोन लॅमिनेट करून आणली.
शमिकानं वरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं,
म्हणाली, खडू हाताला लागत नाही आता.
ती दोन कपाटामागे गेली. अजून तिथंच असतील.

मग एका रात्री वीज गेली
(लाईनमनच्या घरीही जाते, शेजाऱ्यांना बरं वाटतं)
आणि आम्ही तिघं जमिनीवर आडवे.
बॅटरीचा उजेड वर गेला
तर तिथं माटोळीची चौकट.
चतुर्थी सरली की साडेअकरा महिने
ती तशीच टांगलेली असते,
खाली कुणी नसलेलं छत.

दुसऱ्या दिवशी शिडी आणली.
केवणीच्या दोरानं एकेक चित्र बांधलं, तोंड खाली करून.
कौलांच्या उबेला कागद कोरडे राहिले,
आणि घराला उताणं पडायची सवय लागली.
पुंडलिक मास्तर धोतर सावरत चटईवर निजले,
बसच्या चाकांवर बराच वेळ बोलले.
गॅसवाला नुसतीच मान वर करून गेला,
पुढच्या खेपेला आपणहून आडवा झाला.

भाद्रपद आला. जागा देवाची होती.
त्रेसष्ट चित्रं उतरवली,
त्यांच्या गाठींच्या खुणांवर
नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगण, निरफणस,
कांगलांचे तांबडे झुबके.
शमिका खालून एकेक फळ ओळखत होती.
चित्रांबद्दल एक अक्षर नाही.

पाचव्या दिवशी गणपती पाण्यात गेला
आणि फळं वाटायला काढली.
पिशव्या हातात घेतल्या तर जड नव्हे, कुरकुरीत.
प्रत्येकीत तवशाला टेकून एक कागद.
मी म्हटलं, अगं, ही ठेवायची होती ना आपण?
ती म्हणाली, माटोळीचं घरात ठेवतात?

मी काय बोलणार.
तेवढा खाल्लेला सूर्य काढून घेतला, तिच्या नकळत.
हेल्मेटच्या आत, कपाळाच्या पट्टीमागे आहे.
घामानं अजून थोडा गेला.

परवा खालच्या वाड्यात फ्यूज गेला म्हणून चढलो.
वरून घरं दिसतात, कधी घरांच्या आतलंही.
पोदेर कायतानच्या खोलीत, पावांच्या टोपलीवर,
हत्ती. मास्तरांकडे बस,
भिंतीला नाही, आढ्याला, पलंगाच्या बरोब्बर वर.
आणि सुमनताईंच्या चुलीशेजारी, धुरानं पिवळा पडत,
खांबावर चढलेला कुणी,
हात शिडीहून लांब.
मी पक्कड धरलेला हात उगाचच
थोडा पुढे करून पाहिला.

घरी आलो तर शमिका चौकटीखाली पडलेली.
वर किती चौकोन आहेत बाबा?
मोजले. बेचाळीस.
ती उठली, दप्तर उपडं केलं,
खूप वेळ काहीतरी शोधत राहिली.
हिरवा संपलाय, म्हणाली.